कुकडीच्या घळीतला तो शनिवार

आधी चालायचं, मग चाखायचं. हा क्रम मी कधी कुणाला बदलू दिला नाही. सकाळी शिवाजीनगरहून बस निघाली की मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास विचारायचं, "काका, उलटं नाही का करता येणार? आधी वाइन, मग नदी?" मी म्हणायचो, "येईल की. फक्त परतीच्या प्रवासात बसायला जास्त जागा मिळेल." एवढ्यावर बस गप्प व्हायची.

माझा व्यवसाय काय, असं कुणी विचारलं की मला जरा अडखळायला होतं. पुण्यातल्या माणसांना, बहुतेक करून हिंजवडी-खराडीच्या संगणक कंपन्यांतल्या मुलामुलींना, मी एक दिवस नदीच्या घळीतून फिरवून आणायचो आणि दुपारी एका द्राक्षबागेत नेऊन वाइनची चव कशी घ्यायची ते दाखवायचो. बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत हे कळलं तेव्हा खालच्या मजल्यावरचे जोशी म्हणाले, "म्हणजे सकाळी दमवायचं आणि दुपारी पाजायचं. संध्याकाळी काय, नेत्रदानाचा फॉर्म?" त्यांच्या मुलाने पुढे स्वतःच्या ऑफिसची सहल माझ्याकडेच दिली, तेव्हा जोशी जिन्यात भेटले की फक्त हवापाण्याबद्दल बोलायला लागले.

घळीबद्दल थोडं सांगायला हवं. नगर रस्त्याने शिरूर मागे टाकून पुढे गेलं की कुकडी नदी एका जागी काळ्या कातळात शिरते. एरवी ऐसपैस पसरलेलं पात्र तिथे एकदम आक्रसतं आणि सगळं पाणी एका अरुंद भेगेतून धडधडत जातं. पाण्याबरोबर आलेले दगडगोटे खडकाच्या खोलगट जागेत अडकले, की तिथेच गरगर फिरत राहतात आणि हजारो वर्षांत त्या कातळाला रांजणाच्या आकाराची भोकं पाडतात. त्यांना रांजणखळगे म्हणतात. वरून पाहिलं तर कुणीतरी मऊ लोण्यात बोटं घालून ठेवल्यासारखं दिसतं. दिसायला मऊ असलेला तो खडक ओला असला की साबणासारखा निसरडा होतो. "मला पोहता येतं," असं सांगणारा एक तरी जण प्रत्येक गटात असायचा. त्याला मी शांतपणे सांगायचो की इथे पोहण्याचा प्रश्न येत नाही. आत पडलेला माणूस पोहत नाही, नुसता फिरतो.

वरच्या धरणातून शेतीसाठी पाणी सोडलं की हिवाळ्यातही घळ तुडुंब वाहते. त्याला आवर्तन म्हणतात. आवर्तन सुरू आहे का, याची फोनवर चौकशी केल्याशिवाय मी कधी बस काढली नाही. पाणी असलं की काठाची खालची वाट बंद, वरच्या सपाट कातळावरूनच चालायचं.

द्राक्षबाग तिथून तास-दीड तासावर, नारायणगावच्या बाजूला. मालक तात्या. खाण्याची द्राक्षं लावता लावता ते वाइनच्या द्राक्षांकडे वळलेले. त्यांच्या घरात मात्र आजही चहापलीकडे कुणी काही घेत नाही. चाखण्याची रीत अशी: पेला दांडीला धरायचा, पांढऱ्या कापडासमोर तिरका करून रंग बघायचा, हलकेच फिरवायचा, नाक आत घालून वास घ्यायचा, मग घोट तोंडात घोळवून सरळ थुंकायचा. थुंकण्यापाशी मंडळी अडायची. "लाजू नका," तात्या म्हणायचे. "गिळत ऱ्हायलात तर चवथ्या पेल्याला तुमाला समदं सारखंच लागणार हाय."

मी या धंद्यात कसा आलो, तर दुसरा धंदा गेला म्हणून. चिंचवडच्या एका कारखान्यात, साचे आणि हत्यारं घडवणाऱ्या टूलरूममध्ये होतो. देशाचे दरवाजे उघडले तशी बाहेरची यंत्रं आली, आणि आमच्या हातांनी होणारी कामं ती यंत्रं न कुरकुरता करू लागली. आम्हाला स्वेच्छानिवृत्ती मिळाली. त्यातली इच्छा आमची होती की त्यांची, हे सांगायला नकोच. रविवारी डोंगर चढायची सवय तरुणपणापासून होती. सुट्टीतला तो नाद पुढे पोट भरेल असं वाटलं नव्हतं. भरलं.

एवढ्या वर्षांत माणसं पुष्कळ पाहिली. नदीच्या काठावर लग्नाची मागणी घालणारा पाहिला आणि नकार ऐकून त्याच बसने, त्याच बाकावर, तिच्याच शेजारी बसून परत गेलेलाही तोच पाहिला. पण दिवाळी अंकासाठी एखादा अनुभव लिहा असं सांगितलं गेल्यावर मला आठवला तो एक शनिवारच.

अमेरिकेतल्या बँका बुडाल्याच्या बातम्या येऊन काही महिने झाले होते. थंडीचे दिवस होते. हिंजवडीच्या एका कंपनीतला गट होता, आणि गटाच्या प्रमुख अनघा मॅडम. पस्तिशीच्या असतील. बस सुटल्यापासून त्या पुढच्या बाकावर माझ्या शेजारी बसल्या होत्या आणि मागे चाललेल्या गाण्यांच्या भेंड्यांत एकदाही सामील झाल्या नव्हत्या.

बस वाघोलीत शिरली तसा मागून एक मुलगा धडपडत पुढे आला. नाव निलेश राऊत, गाव वर्ध्याकडचं. "काका, जरा हळू घ्यायला सांगा ना ड्रायव्हरला," म्हणाला, आणि खिडकीतून बोट दाखवून सगळ्यांना ओरडून सांगायला लागला, "ते पाहा, हिरव्या जाळीतलं! तिसरा मजला, कोपऱ्यातला! सोमवारी करारावर सही करून राहिलो."

बसमध्ये टाळ्या झाल्या. "पार्टी, पार्टी," असा गलका झाला. निलेश मला म्हणाला, "आईबाबा येणार आहेत राहायला. बाबा मास्तर होते, आता रिटायर झाले. एकुलता एक आहे मी." मी मनापासून अभिनंदन केलं. अनघा मॅडम पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. वाघोली मागे पडेपर्यंत त्या शोधतच होत्या.

आवर्तन सुरू होतं. घळ गर्जत होती. मी वरच्या कातळावरून सगळ्यांना ओळीने घेऊन निघालो. वाट सपाट जागी आली तशी मंडळी पुढे पांगली आणि मॅडम माझ्या बरोबरीने चालू लागल्या.

"इथे मोबाइलला रेंज नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही. वर देवळापाशी गेलं की येते."

"बरं आहे." थोडं चालून झाल्यावर म्हणाल्या, "काका, तुम्ही आमच्या कंपनीतले नाही म्हणून बोलते. बुधवारी माझ्या टीममधल्या काही जणांना काढणार आहेत. नावं माझ्याकडूनच घेतली."

मी पुढे पाहिलं. निलेश एका मुलीला खळग्यांचा फोटो काढून देत होता.

"हा?"

त्यांनी होकाराची मान हलवली.

"मग ही सहल कशाला?"

"आधीच ठरलेली होती. रद्द केली तर लोकांना शंका येईल, म्हणून वरून निरोप आला, जाऊन या." त्यांचा आवाज नदीच्या आवाजात अर्धा बुडत होता. "बाहेर बोलणार नाही, असं माझ्याकडून लिहून घेतलंय. त्या फ्लॅटचं मला आज बसमध्ये कळलं. सोमवारी हा सही करणार, बुधवारी याला घरी पाठवणार. कर्जाचे हप्ते सुरू होणार आणि पगार बंद." त्या थांबल्या. "माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?"

मी म्हणालो, "तुमच्या जागी मी कधी नव्हतो. त्याच्या जागी होतो."

आणि मग मी त्यांना कर्णिकसाहेबांबद्दल सांगितलं. ते आमच्या टूलरूमचे प्रमुख. अत्यंत सज्जन माणूस. खंडेनवमीला आम्ही यंत्रं पुसली, हळदकुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या. पूजा त्यांच्या हातून झाली. पेढे त्यांनी स्वतः प्रत्येकाच्या हातावर ठेवले. आमचं खातं बंद होणार हे तेव्हा त्यांना ठाऊक होतं. दसऱ्याच्या मुहूर्तावर मी हप्त्यावर स्कूटर घेतली, तर ते बघायला फाटकाबाहेर आले आणि सीटवर हात फिरवून म्हणाले, "छान आहे हो रंग." दिवाळीच्या आत नोटीस लागली.

"नंतर कधी भेटले?" अनघा मॅडमनी विचारलं.

"कसबा पेठेत एकदा समोरून आले. मला पाहिलं आणि एका तांबटाच्या दुकानात शिरले. मी पुढे निघून गेलो. त्यांना त्या दिवशी पातेलं घ्यायचं नसणार."

"राग आहे अजून?"

"नोकरीचा नाही. ती त्यांनी घालवली नव्हती. त्या सीटवरच्या हाताचा आहे."

थोड्या वेळाने त्यांनी हाक मारली, "निलेश, दोन मिनिटं येतोस? काका, तुम्ही बाकीच्यांना घेऊन व्हा पुढे."

मी इतरांना पुढच्या वळणावर नेलं. खळगे कसे झाले ते सांगितलं, पण माझं चित्त तोंडातल्या शब्दांत नव्हतं. बऱ्याच वेळाने मॅडम आल्या त्या एकट्याच. चेहरा पांढरा पडलेला.

"तो?"

"म्हणाला, जरा वेळ एकटा थांबतो."

"कुठे?"

त्यांनी मागे, खालच्या बाजूला हात केला. तिथे घळ सगळ्यात अरुंद आहे.

या कामात भीती ही नेहमीची गोष्ट. तिच्यामुळेच माणूस सावध राहतो. पण त्या क्षणाची भीती निराळी होती. सगळ्यांना सपाट कातळावर बसवलं, इथून कुणी हलायचं नाही असं बजावलं, मॅडमना त्यांच्याजवळ ठेवलं आणि मी मागे निघालो. धावता येत नव्हतं. त्या खडकावर धावणारा माणूस दुसऱ्याला वाचवायला पोचत नाही.

निलेश भेगेच्या अगदी कडेला बसला होता. पाय खाली सोडलेले. बूट काढून शेजारी नीट जोडून ठेवले होते. पाणी त्याच्या पायांच्या थोडंसंच खालून उसळत होतं.

मी हाक मारली नाही. दचकला असता. लांबून वळसा घालून त्याच्या नजरेच्या टप्प्यात आलो, त्याने मला पाहिलं आहे याची खात्री केली आणि मग हळूहळू जवळ जाऊन त्याच्यामागे, हात पोचेल इतक्या अंतरावर बसलो.

"निलेश, मागे सरक."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बुटांकडे, आणि त्याला माझ्या मनातलं कळलं. "नाही नाही, काका. तसं काही नाही. बूट भिजले म्हणून काढले." त्याचा चेहरा ओला होता. "रडायला जागा पाहत होतो. इथं कोणाला ऐकू नाही जात."

"रड," मी म्हणालो. "पण जरा मागे सरकून रड."

तो सरकला. मी त्याचा दंड धरला तो मग सोडला नाही. तो रडला. नदी इतकी मोठ्याने चालली होती की अगदी शेजारी बसूनही मला त्याचे फक्त हलणारे खांदे दिसत होते.

शांत झाल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बाबांनी फंड काढला, काका. आईनं तिकडचं गॅस कनेक्शन परत करायची चौकशी करून ठेवली. आता कसं सांगू त्यांना?"

मी दुसऱ्या हाताने त्याचे बूट कडेपासून मागे ओढून घेतले.

"आणि मॅडमनी इथं कशाला सांगितलं? ऑफिसात सांगितलं असतं तर भांडता तरी आलं असतं. इथं कोणाशी भांडू?"

"ऑफिसात सांगेपर्यंत सोमवार उलटून गेला असता."

त्याने ओलेच बूट पायात घातले आणि तो उठला. "बाकीच्यांना माहीत नाही ना?"

"नाही."

"मग नका सांगू."

दुपारी तात्यांच्याकडे सगळे जमले. निलेशने पेला दांडीला धरला, तिरका करून रंग बघितला, वास घेतला, घोट घोळवला आणि थुंकला. प्रत्येक गोष्ट जशी दाखवली तशी. "ह्यो पोरगा बराबर शिकला," तात्या कौतुकाने म्हणाले. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "निलेशच्या नव्या घरासाठी!" सगळ्यांनी पेले उंचावले. निलेशनेही उंचावला आणि हसला. त्या हसण्याला काय ताकद लागली असेल, ते त्या खोलीत आम्हा दोघांनाच कळलं.

अनघा मॅडम उठून बाहेर गेल्या. मी बघितलं तर त्या द्राक्षाच्या ओळींमध्ये पाठमोऱ्या उभ्या होत्या. मी पाण्याचा पेला नेऊन दिला. त्यांनी तो घेतला आणि तसाच धरून ठेवला.

परतीचा रस्ता नाशिक हायवेचा होता. वाघोली लागणार नव्हती, याचं मला बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात कंपनीच्या ऑफिसातून फोन आला. अगदी गोड आवाज. "सर, तुमची ट्रिप खूप छान झाली असं सगळे म्हणतायत. एकच छोटीशी गोष्ट विचारायची होती. त्या दिवशी आमच्या मॅनेजर आणि एका एम्प्लॉयीमध्ये काही बोलणं झालेलं तुम्ही ऐकलंत का?"

"घळीत आवर्तन होतं," मी म्हणालो. "शेजारच्याचंही ऐकू येत नव्हतं."

"म्हणजे नाही?"

"म्हणजे नदीला पाणी फार होतं."

त्यानंतर त्या कंपनीची सहल माझ्याकडे कधी आली नाही.

बाकीचं मला उन्हाळ्यात कळलं, अनघा मॅडमच्याच तोंडून. त्यांनी आपणहून फोन केला होता. निलेशने सोमवारी सही केली नाही. बुधवारी यादी लागली, त्यात तो होताच. पण सही रद्द केल्याचं कुणीतरी बोललं, त्यावरून वर शंका आली. मॅडमना बोलावून विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. त्यांना राजीनामा द्यायला लावला.

"आता बरं चाललंय," त्या म्हणाल्या. "छोटी कंपनी आहे. घरापासून जवळ पडते."

मी चाचरत म्हणालो, "मी ती कर्णिकांची गोष्ट सांगायला नको होती का?"

"छे हो. माझं बसमध्येच ठरलं होतं. तुमच्याकडून नुसतं ऐकायचं होतं."

हे खरं असेल. माझं ओझं कमी करायला त्या तसं म्हणाल्या असतील, असंही मला पुष्कळदा वाटलं आहे.

"निलेशचा काही फोन?" मी विचारलं.

"नाही. त्याने का करावा? यादीत नाव मीच घातलं होतं, काका."

दर दिवाळीला त्यांचा फोन यायचा. तब्येतीची चौकशी, माझ्या गुडघ्यांची चौकशी. निलेशचा विषय त्या काढायच्या नाहीत आणि मीही काढायचो नाही. पण फोन ठेवताना त्या जरा थांबायच्या, तेव्हा मला कळायचं.

माझ्या शेवटच्या हंगामात खराडीच्या एका कंपनीचा गट आला. गटाचा प्रमुख जरा स्थूल, कानाजवळ पांढरे केस. बसमधून उतरल्यावर माझ्यापुढे येऊन उभा राहिला. "ओळखलं का, काका?"

ओळखलं. दंडाला धरलेला माणूस विसरत नाही.

त्या दिवशी नदीला पाणी बेताचंच होतं. चालताना त्याने हळूहळू सगळं सांगितलं. वर्षभर घरी बसावं लागलं. मग नागपूरला मिळेल ते काम, मग पुन्हा पुणे. आता सगळं ठीक होतं. लग्न झालं होतं, घरही झालं होतं, वाघोलीत नाही, हडपसरकडे.

"मॅडम कुठे असतात?" शेवटी त्याने विचारलं.

"इथेच, पुण्यात. नंबर आहे माझ्याकडे. तू कधीच फोन केला नाहीस?"

"पहिली दोन-तीन वर्षं राग होता. राग गेला तोवर त्यांची नोकरी माझ्यापायी गेल्याचं कळलं. मग कोणत्या तोंडाने करू?" त्याने खिशातून फोन काढला. "द्या नंबर."

आम्ही दोघे चढून देवळापाशी आलो. रेंज आली. त्याने फोन लावला. मी उठून बाजूला जायला लागलो तर त्याने हाताने खूण केली, थांबा.

"मॅडम, निलेश बोलतोय. निलेश राऊत." मग हळूहळू तो बोलायला लागला. बायको काय करते, काम कुठे आहे, टीम कशी आहे. थँक यू वगैरे तो म्हणाला नाही. त्यांनीही बहुधा म्हणू दिलं नाही. मध्ये एकदा तो बराच वेळ नुसता ऐकत राहिला आणि म्हणाला, "हो मॅडम. हो. दोघंही खूश आहेत."

फोन खिशात ठेवून तो पायरीवर बसला.

"काय विचारत होत्या?" मी म्हटलं.

"आईबाबा आले का पुण्यात, म्हणून."

"आले ना?"

"बाबा आले." तो खाली, घळीकडे बघत होता. "आई नोकरी गेल्यानंतरच्या पावसाळ्यातच गेली, काका. घर काही तिला दिसलं नाही."

खाली त्याची मंडळी कातळावर बसून आमची वाट बघत होती. कुणीतरी हात हलवला. निलेशने उठून हात हलवला आणि मला आधार द्यायला आपला हात पुढे केला.

"चला," तो म्हणाला. "उतार आहे, हळू या."